रांगेची सरासरी, पण किती वाजताची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका मोठ्या रुग्णालयाने केसपेपरच्या खिडकीपाशी टोकन मशीन बसवल्याची बातमी आपण गेल्या आठवड्यात छापलीत. रुग्णाला आता सरासरी फक्त १८ मिनिटं थांबावं लागतं, असं व्यवस्थापनाने सांगितल्याचंही त्यात होतं. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. आकडाही कुणी बसून रचला असेल असं वाटत नाही. पण आमच्या ह्यांच्या मधुमेहाच्या तपासणीसाठी मी त्या रांगेत नेहमी उभी असते, आणि सकाळच्या वेळी १८ मिनिटांत केसपेपर हातात पडलेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. आकडाही खरा आणि रांगही खरी, हे कसं, ते सांगण्यासाठी हे पत्र. थोडं लांबेल. काटछाट केलीत तर गप्पा कापा, हिशोब तेवढा ठेवा.

खिडकी साडेआठला उघडते. रांग साडेसहाला लागते. तेव्हा तिच्यात माणसं कमी आणि चपला, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशवीतल्या जुन्या फायलीच जास्त. फाईल उडू नये म्हणून तिच्यावर विटेचा तुकडा. माणसं भिंतीच्या कडेला टेकलेली. पहिली एस.टी. पावणेसातला येते, तिच्यातून उतरलेले धावतच येतात आणि आधी चपला रांगेत सोडतात. पुढची गाडी थेट दहाची. बऱ्याच जणांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, त्यामुळे चहाचा घोटही नाही. साडेआठला वॉचमन मशीन चालू करतो. दोन तास बसून असलेल्या बाईच्या टोकनावर वेळ उमटते आठ एकतीस. मशीनच्या लेखी ती आत्ताच आली.

हे पहिलं. दुसरं म्हणजे दुपारची ओपीडी. तेव्हा खिडकीसमोर शुकशुकाट असतो, माणूस गेला की कागद मिळतो. ती दोन-दोन मिनिटं सकाळच्या पाऊण-पाऊण तासात मिसळली की बेरीज गोंडस दिसायला लागते. या दोन्ही गोष्टी कुणाच्याही लक्षात येतील. माझा मुद्दा तिसराच आहे, आणि तो जरा आतला आहे.

दुसरी खिडकी का उघडत नाही, असं मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं होतं. गृहस्थ सज्जन होते, बसा म्हणाले. मग त्यांनी कागद दाखवला. खिडकीवर तासाला ६० केसपेपर निघू शकतात, तासाला सुमारे ४८ रुग्ण येतात, म्हणजे खिडकी ८० टक्केच वापरली जाते. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे अशा खिडकीपुढे सरासरी चार माणसं असायला हवीत. ‘मॅडम, चार माणसांसाठी दुसरा कारकून कुठून आणू?’

सूत्र बरोबर आहे. वापराचं प्रमाण ०.८, उरलेलं ०.२, भागाकार ४. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि १९८१ साली टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे परगावचे कॉल जोडून द्यायला, लागले, तेव्हा हे सूत्र मला परकं नाही. पण त्या सूत्राच्या आधी एक अट असते आणि ती सगळे विसरतात. खिडकी खूप वेळ अखंड चालू आहे, सुरुवातीला काय होतं त्याचा मागमूस उरलेला नाही, रांग आपल्या नेहमीच्या चालीवर आली आहे, तेव्हाची ही सरासरी. गणितात याला स्थिरावस्था म्हणतात. आमची खिडकी साडेआठला उघडते आणि साडेबाराला जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होते. तेवढ्यात रांग स्थिरावते का, हे कुणीच विचारत नाही.

आता हिशोब. साडेआठला ६० माणसं उभी आहेत असं धरा, हे कमीच धरलंय. पुढे तासाला ४८ येतात, ६० जातात. म्हणजे रांग तासाला फक्त १२ने घटते. साडेनऊला ४८, साडेदहाला ३६, साडेअकराला २४ आणि खिडकी बंद व्हायच्या वेळी साडेबाराला १२. साठातली शेवटची बाकी फिटायला पाच तास हवेत आणि खिडकी आहे चार तासांची. सूत्रातली ती चार माणसं उगवणार दीड वाजल्यानंतर, जेव्हा काचेवर ‘बंद’ची पाटी लागून तास झालेला असतो. दहाच्या एस.टी.ने आलेल्या म्हाताऱ्याला वाटतं, आज गर्दी फार दिसते. गर्दी नसते. तो तासाला ४८च्याच हिशोबात आलेला असतो. तो उभा असतो तो पहाटे आलेल्यांच्या मागे.

टेलिफोनवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण हे सगळं शास्त्रच मुळात टेलिफोनमधून निघालं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणितज्ञ होता. किती ग्राहकांमागे किती लाइनी ठेवायच्या, या प्रश्नावर त्याने १९०९ साली पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली ती प्रसिद्ध सूत्रं दिली. एक्स्चेंजवरचा भार मोजायच्या एककाला आजही त्याचंच नाव आहे. त्याची सूत्रं स्थिरावस्थेचीच आहेत, आणि तरी ती जगभर बिनचूक चालली. कारण साधं आहे. तेव्हाच्या लोकल एक्स्चेंजमध्ये लाइन मोकळी नसली की ‘एंगेज टोन’ यायचा आणि माणूस रिसीव्हर ठेवून द्यायचा. रांग लागतच नसे. शिवाय कॉल दोन-तीन मिनिटांचा. गर्दीचा तास धरला तर तेवढ्यात एका लाइनवर वीस कॉल येऊन जातात, म्हणजे तास सुरू होताना काय होतं ते एक्स्चेंज पाच-दहा मिनिटांत विसरलेलं असतं. तिथे स्थिरावस्थेची सरासरी लावणं रास्तच होतं.

ट्रंक बोर्डाचं तसं नव्हतं. ट्रंक बोर्ड विसरत नसे. गिऱ्हाइकाने कॉल बुक केला की तिकीट बनायचं, त्यावर बुक केल्याची वेळ, नंबर, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग (म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडायचा), हे सगळं. पुण्या-मुंबईच्या लाइनी मोजक्या. तिकिटांचा गठ्ठा समोर, एक हात कॉर्डवर, एक पेन्सिलवर, आणि तोंडाने ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?’ सुरूच. पावसाळ्यात घाटात कुठे लाइन तुटली आणि तासाभराने जोडली गेली, की बाहेरची मंडळी म्हणायची, चला, तासाचाच तर प्रश्न होता. आम्हा मुलींना माहीत असायचं की आता रात्रपाळीपर्यंत सुटका नाही.

याचाही हिशोब आहे आणि तो तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. लाइन क्षमतेच्या ९० टक्के भरलेली असेल आणि तासभर बंद पडली, तर साचलेली तिकिटं फिटायला पुढे नऊ तास लागतात. कारण उरलेली क्षमता फक्त दहा टक्के, आणि साचलेलं काम त्याच्या नऊपट. ८० टक्के भरलेली असेल तर चार तास. निम्मीच भरलेली असेल तर तासाचा उशीर तासात भरून निघतो. म्हणून ‘आमच्याकडे ९० टक्के क्षमता वापरली जाते’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मला त्यात कार्यक्षमतेपेक्षा जोखीमच जास्त दिसते.

हेच डॉक्टरांच्या दारापाशी. ओपीडीची वेळ नऊची. डॉक्टर राउंड घेऊन येतात, साडेनऊ होतात. मी त्यांना दोष देत नाही, वॉर्डातला अत्यवस्थ रुग्ण सोडून ते आमच्या साखरेचे आकडे बघायला कसे येतील? पण तो अर्धा तास ‘अर्ध्या तासाचा उशीर’ म्हणून मोजू नका. दार ९० टक्के भरलेलं असेल तर तो भरून निघायला साडेचार तास लागतात, आणि ओपीडी असते तीन-साडेतीन तासांची. म्हणजे दिवसातल्या प्रत्येक रुग्णाला, अगदी बाराला आलेल्यालासुद्धा, त्या उशिराचा वाटा मिळतो. डॉक्टर नऊला बसले आणि वॉर्डाचा अर्धा तास ‘अकरा ते साडेअकरा’ असा मध्येच ठेवला, तर तोच अर्धा तास पुष्कळ कमी लोकांना भोवेल. वेळ तेवढीच जाते, फक्त कुणाच्या मागे किती जण उभे आहेत ते बदलतं.

इंग्लंडात नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली नेमका बाह्यरुग्ण विभागाचाच अभ्यास छापला. सगळ्यांना सकाळी एकाच वेळी बोलावलं की डॉक्टर कधी रिकामा बसत नाही, पण रुग्ण तासन्तास बसतो. त्याने सुचवलेली पद्धत अगदी घरगुती आहे: सुरुवातीच्या वेळेला दोनच रुग्ण बोलवा, आणि नंतर तपासणीला सरासरी जितकी मिनिटं लागतात तितक्या अंतराने एकेक. डॉक्टरचा खोळंबा जवळपास होत नाही आणि रुग्णाचं थांबणं खूप उतरतं. मात्र त्याची पहिली अट डॉक्टर वेळेवर येण्याची. ती मोडली तर बाकीचं वेळापत्रक भिंतीला चिकटवायच्या कामाचं.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आमच्या खात्यातले जुने इंजिनियर मला फोन करतील. सकाळी आधीची रांग मुळीच नसेल, खिडकी रिकामी उघडली, तर गाडी उलटी चालते. तेव्हा रांग सूत्रापेक्षा लहान असते आणि हळूहळू वाढत सरासरीकडे जाते. किती हळू? एक खिडकी, माणसं अनियमित येणारी, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त, अशा रांगेचं पूर्ण गणित १९५०च्या दशकात मांडलं गेलं. ते किचकट आहे. पण अंदाजासाठी एक आकडा पुरतो. खिडकी निम्मी भरलेली असेल तर सुरुवातीचा परिणाम बराचसा ओसरायला सुमारे १२ माणसांचं काम होण्याइतका वेळ लागतो. ८० टक्के असेल तर ९० माणसांचा. ९० टक्के असेल तर ३८० माणसांचा. आणि ९५ टक्के असेल तर १,५००हून जास्त! डॉक्टरांना एका रुग्णामागे चार मिनिटं लागतात असं धरलं, तर ९५ टक्के भरलेल्या ओपीडीची रांग स्थिरावायला चार दिवस, चार रात्री दार अखंड उघडं हवं. आपली ओपीडी तर जेवणाच्या सुट्टीला बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जितकी गर्दी जास्त, जितकी आकड्याची गरज जास्त, तितका तो सरासरीचा आकडा गैरलागू.

तेव्हा दुसऱ्या कारकुनाचा प्रश्न. मी दिवसभरासाठी कारकून मागतच नाही. अर्धा तास मागते, पण कोणता अर्धा तास ते महत्त्वाचं. आत्ताची पद्धत अशी, की बाराच्या सुमाराला रांग संपेना म्हणून ओरड होते, कुणीतरी साहेबांना जाऊन भेटतो, आणि मग दुसरी खिडकी उघडते. वरच्याच आकड्यांत बघा. बाराला रांगेत १८ जण. दोन खिडक्यांनी ते पंधरा मिनिटांत संपतात. सगळ्यांचं मिळून वाचलं किती, तर जेमतेम पाच तास. हाच कारकून साडेआठ ते नऊ बसवा. नऊला रांग ५४ऐवजी २४ असेल आणि अकराला ती संपलेली असेल. सगळ्या रुग्णांचं सकाळभराचं थांबणं एकत्र मोजलं तर एका खिडकीने ते १४४ तास भरतं, साडेआठच्या त्या अर्ध्या तासाने ४५. माणसं नियमित येत नाहीत, कधी झुंडीने येतात, त्यामुळे प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न धरा. तरी एकाच कारकुनाच्या एकाच अर्ध्या तासाची किंमत सकाळी नव्वद तास आणि दुपारी पाच तास. पगार दोन्ही वेळी सारखाच!

दुसरा कारकून मिळतच नसेल तर आहे तीच खिडकी आठला उघडा. आठला ४० जण असतील आणि अर्ध्या तासात आणखी २० येणार असतील, तर साडेआठला रांग ६०ऐवजी ३० राहते आणि तीही अकरापर्यंत फिटते. अर्धा तास लवकर उघडल्याने रांग अडीच तास आधी संपते. आणि कारकुनाला दुपारी अर्धा तास लवकर सोडलं तरी चालेल, तेव्हा समोर कुणी नसतंच.

पंढरपूरला हे शिकवायला कुणी गणितज्ञ गेला नव्हता. आषाढीला विठोबाचा पलंग काढतात, म्हणजे देवाची झोप बंद आणि दर्शन रात्रंदिवस सुरू. तो एकादशीच्या दिवशी काढत नाहीत. दिंड्या वाटेत असतानाच, बरेच दिवस आधी काढतात. दर्शनबारी पत्राशेडपर्यंत गेल्यावर मग बघू, असं म्हटलं असतं तर द्वादशी उलटून गेली तरी वारकरी बारीतच उभे राहिले असते.

यावर मला मिळालेलं उत्तरही सांगायला हवं. ‘लोकच लवकर येतात, त्याला आम्ही काय करणार? खिडकी आठला उघडली तर ते सहाला येतील.’ काही जण येतीलही. पण लोक हौसेने येत नाहीत. एक तर गाडीची वेळ तशी आहे. आणि दुसरं, दहाला गेलं तरी ४०-४२ जणांच्या मागेच उभं राहावं लागतं हे त्यांनी अनुभवाने ओळखलंय. अकराला जाऊन पाच मिनिटांत कागद मिळतो हे एकदा चारचौघांत पसरलं, की ज्याला उपाशीपोटी रक्त द्यायचं नाही तो पहाटे उठून कशाला येईल? आज ही बातमी पसरत नाही, कारण ती खरी नाही.

ट्रंक बोर्डावरची आणखी एक गोष्ट इथे चपखल बसते. लाइटनिंग कॉल आला की ऑर्डिनरीवाले मागे पडत. पण लाइटनिंगवाला त्यासाठी जास्त पैसे मोजायचा आणि त्याच्या तिकिटावर तसं लिहिलेलं असायचं. रुग्णालयात बाजूच्या दाराने, ‘साहेबांच्या ओळखीचे’ म्हणून जे आत जातात त्यांचं टोकनच नसतं. त्यांचं थांबणं मोजलं जात नाही ते ठीक, पण त्यांच्यामुळे इतरांचं वाढलेलं थांबणं ‘गर्दी’च्या खात्यावर पडतं.

बदल फार मोठे नाहीत. मशीन पहाटे सहापासून चालू ठेवा, म्हणजे माणूस आला तेव्हाची वेळ टोकनावर येईल, चपलाही रांगेत ठेवाव्या लागणार नाहीत आणि उपाशी माणसाला बाकावर बसता येईल. ट्रंकच्या तिकिटावर बुकिंगची आणि जोडल्याची अशा दोन्ही वेळा असत, आणि महिन्याअखेरी आम्ही तासवार तक्ता करत असू. तसाच तक्ता इथे करा. साडेसहा ते साडेआठ, साडेआठ ते दहा, दहा ते साडेबारा आणि दुपार, यांची सरासरी वेगवेगळी लिहा, आणि जमलं तर प्रत्येक वेळेत सर्वांत जास्त थांबलेल्याची मिनिटंही. यापुढे कुठल्याही कचेरीने, बँकेने, रुग्णालयाने ‘सरासरी प्रतीक्षा’ सांगितली की आपल्या वार्ताहराने एवढंच विचारावं: ही सरासरी किती वाजता आलेल्या माणसाची?

दुसऱ्या खिडकीसाठी माणूस कुठून आणायचा, याचं उत्तरही त्या रुग्णालयातच आहे. बिलिंगच्या काउंटरवर डिस्चार्जची गर्दी अकरानंतर सुरू होते. तिथला एक कारकून साडेआठला हजर असतो आणि मी पाहते तेव्हा कालच्या पावत्या टाचण्यांत लावत बसलेला असतो. त्या पावत्या नऊनंतर लावल्या तर चालतील का, एवढं व्यवस्थापनाने त्याला विचारून बघावं.

आपली नम्र,
एक निवृत्त ट्रंक सुपरवायझर
(नाव व गाव छापू नये, ह्यांची पुढची तपासणी तिथेच आहे.)